बकरी ईदचा बोकड: दोन दात पुरेत का, आणि ईदच्या सकाळपर्यंत तो धड कसा ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: पिंपरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. घराणं मूळचं चिपळूणकडचं. आजवर कुर्बानी गावी व्हायची आणि सगळं वडील बघायचे. यंदा पहिल्यांदाच इथे करायची आहे. ईदच्या आठ दिवस आधी ३०-३५ किलोचा दोन दाती (दोन पक्के दात आलेला) बोकड आणून बाल्कनीत बांधायचा विचार आहे. दोन दात पुरेत ना? खस्सी (खच्ची केलेला) चालतो का? वजनात फसवतात ते कसं ओळखायचं, खायला काय घालायचं, मांस कसं ठेवायचं?

सलाम. तुम्ही सहा गोष्टी विचारल्यात, पण अडचण खरं तर एकच आहे. बाजारात बोकड सगळेच पारखून घेतात. तो बिघडतो बाजार आणि ईदची सकाळ यांच्या मधल्या दिवसांत, आणि तुमच्या बेतात नेमके हेच दिवस धोक्याचे आहेत. कुर्बानीचं जनावर विकत घेताना कसं होतं याला फारसा अर्थ नाही, सुरी फिरायच्या वेळी ते निर्दोष असावं लागतं. हनफी मसलकात (मसलक म्हणजे धर्माचरणाची परंपरा; हनफी आणि शाफई या त्यातल्या दोन) तर ज्याच्यावर कुर्बानी वाजिब, म्हणजे बंधनकारक आहे, त्याचं जनावर मधेच लंगडं किंवा आंधळं झालं तर त्याला दुसरं घ्यावं लागतं. (ऐन कापताना झटापटीत पाय मोडला, तर मात्र ती कुर्बानी होते.) म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं त्या एका सकाळच्या हिशोबाने वाचा. मी जनावरांच्या बाजूचा माणूस आहे. धर्माच्या नियमाबाबत शेवटचा शब्द तुमच्या मशिदीच्या इमामसाहेबांचा.

आधी दातांचं बघू, कारण तिथेच तुमची चूक होण्याची शक्यता आहे. "दोन दात म्हणजे कुर्बानीला चालतो" हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाजारात ऐकू येतं, आणि घाटावरच्या बहुतेक घरांसाठी ते बरोबरही आहे, कारण ती घरं हनफी आहेत आणि हनफींत बोकडाला एक वर्ष पूर्ण झालं की पुरतं. पण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. शाफई मसलकात शेळी-बोकडाला दोन वर्षं पूर्ण लागतात. मेंढ्याला एक वर्ष. तुमचं घराणं चिपळूणकडचं म्हणताय, म्हणजे तुमचे वडील गावी बोकड घेताना बहुधा चार दात बघत असणार आणि तुम्हाला ते कधी कळलंच नसेल. त्यांना एक फोन करा. घर शाफई असेल, तर दोन दाती बोकडावर पैसे घालू नका.

दात बघायचे खालच्या जबड्यात. शेळीला वर पुढचे दात नसतातच, तिथे नुसती घट्ट हिरडी असते. नवखा माणूस वरचा ओठ उचलतो आणि "याचे दात पडलेत" म्हणून घाबरतो. खाली आठ दात असतात. दुधाचे दात बारीक, पांढरे, तांदळासारखे. पक्का दात त्याच्या जवळजवळ दुप्पट रुंद आणि किंचित पिवळसर. आठही बारीक असतील तर बोकड अदंत, म्हणजे साधारण वर्षाच्या आतला. मधली जोडी पक्की झाली की दोन दाती, सव्वा ते दीड वर्षाच्या आसपास. पुढची जोडी आली की चार दाती, पावणेदोन ते दोन वर्षं. सहा दात अडीच वर्षांच्या आगेमागे, आणि आठही आले की जुळला. जात आणि खुराक यांनुसार दोन-तीन महिने इकडे-तिकडे होतात. म्हणून शाफई घरासाठी माझा सल्ला असा की चारही दात पूर्ण वर आलेले, घासाला लागलेले बघा. नुकते फुटलेले चार दात म्हणजे दोन वर्षांना महिना-दोन महिने कमीही असू शकतात. पाळणाऱ्याकडून थेट घेत असाल आणि जन्माची तारीख खात्रीची असेल, तर दाताआधी ती तारीख धरावी.

इथे एक लबाडी चालते. अदंत बोकडाचे मधले दोन दुधाचे दात पाडायचे आणि "बघा, दात पाडतोय, पक्के येतायत" असं सांगायचं. आपोआप पडलेल्या दाताखाली नव्या दाताची रुंद कड हिरडीतून डोकावत असते किंवा हिरडी तिथे फुगलेली असते. पाडलेल्या दाताच्या जागी नुसती खाच किंवा ताजी जखम दिसते. अंगठा फिरवून बघा, लगेच कळतं.

आता दोष. चारांवर कुणाचाच मतभेद नाही: ढळढळीत काणा, ढळढळीत आजारी, ढळढळीत लंगडा आणि हाडात मगजही उरला नाही इतका खंगलेला. त्यापलीकडे बारकावे आहेत. कान किंवा शेपूट तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापलेली असेल तर हनफींत चालत नाही. शाफई कानाच्या बाबतीत जास्त कडक आहेत, कानाचा तुकडाच गेला असेल तर नको. नुसती चीर किंवा भोक असेल तर हरकत नाही. म्हणजे सरकारी पिवळ्या बिल्ल्याचं भोक हा दोष नव्हे, हे अनेकांना उगाच खटकतं. शिंगाचं टोक मोडलेलं चालतं. मुळासकट उखडलेलं हनफींत चालत नाही. जन्मतः बिनशिंगी असेल तर दोन्हीकडे काही अडचण नाही. आणि खस्सी? बिनदिक्कत चालतो. उलट मांसाला वास कमी आणि अंगावर चरबी बरी, म्हणून खाणारे खस्सीच मागतात. अंडुल (खच्ची न केलेल्या) बोकडाला माजाच्या दिवसांत जो उग्र दर्प येतो, तो बाल्कनीत बांधल्यावर शेजाऱ्यांनाही कळेल.

जातीबद्दल फार डोकं लावू नका. महाराष्ट्राच्या आपल्या चार नोंदलेल्या जाती आहेत: उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ. ईदच्या बाजारात राजस्थानचे सिरोही, सोजत आणि उत्तरेकडचे जमनापारी, बीटलही उतरतात. ते उंच, दिसायला देखणे, आणि त्या देखणेपणाचे पैसे विक्रेता लावतोच. मांसाच्या हिशोबाने उस्मानाबादी चोख: आटोपशीर, काटक, इथल्या हवेला सरावलेला. परराज्यातून ट्रकने आलेला बोकड आधीच दोन-तीन दिवसांच्या प्रवासाने शिणलेला असतो. अंगावर चंद्र किंवा अक्षरं उमटल्याचं सांगून लाखांत विकल्या जाणाऱ्या बोकडांबद्दल एवढंच सांगतो की त्या डागाने कुर्बानी तसूभरही जास्त होत नाही.

वजनाची फसवणूक दोन प्रकारची. एक तर काट्याची. त्याला उपाय म्हणजे खिशातला टेप. इंचपट्टीने पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून मागे ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर २९ इंच आणि लांबी २६ इंच असेल तर २९ × २९ × २६ = २१,८६६; भागिले ६६० म्हणजे साधारण ३३ किलो. किलो-दोन किलोचा फरक पडतो, पण काटा ४० दाखवत असेल तर बोलायला आधार मिळतो. दाट केसांचा बोकड असेल तर टेप जरा आवळून धरा.

दुसरी फसवणूक पोटाची. बाजाराच्या सकाळी मीठ चाटवून पाणी पाजायचं किंवा पीठ कालवून भरायचं. दोन-तीन किलो सहज वाढतात. जिवंत वजनावर ₹५०० चा भाव धरला तर हे हजार-दीड हजार रुपयांचं पाणी झालं. असा बोकड ओळखायला वरून बघा. पोट दोन्ही बाजूंना डब्यासारखं ताठ आणि पाठीचा कणा मात्र बोटांना टोचतोय, तर वजन पोटात आहे, अंगावर नाही. कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे हात ठेवा. कणा हाताला लागावा पण करवतीसारखा टोचू नये, आणि दोन्ही बाजूंना मांसाचा गोलवा जाणवावा. रात्रभर गाडीत आलेला बोकडही पाच-आठ टक्के वजन टाकतो, म्हणून घरी आणून पुन्हा मोजलंत आणि दोन किलो कमी भरलं तर लगेच फसलो असं समजू नका.

चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बांधलेला बोकड लंगडा आहे की नाही ते कळत नाही. दावं सोडून दहा पावलं सरळ आणि दहा पावलं वळवून चालवा, खूर उचलून खुरांच्या फटीत बघा. तोंडाच्या कडेला फोड, लाळेच्या तारा आणि खुरात जखम असेल तर लाळ्या खुरकूत. नाकाला घट्ट पिवळा शेंबूड, डोळ्यांत चिपडं आणि मागे शेपटीला पातळ हगवण चिकटलेली असेल तर पीपीआरचा (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाचा) संशय घ्या आणि त्या कळपातला दुसराही घेऊ नका. चांगल्या बोकडाच्या लेंड्या सुट्या आणि चमकदार असतात, नाकपुडी ओलसर असते आणि सोडून दिला की तो रवंथ करतो. अंगात ताप १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइटपर्यंत नेहमीचाच. आपल्या हाताला बोकड गरमच लागतो, त्यावर जाऊ नका.

तुमच्या आठ दिवसांबद्दल. सगळ्यात वाईट वेळ तीच आहे. प्रवास, गर्दी, बदललेलं पाणी-चारा आणि बाजारातली शंभर अनोळखी जनावरं यांचा ताण बसतो. त्यातून उद्भवणारा न्यूमोनिया तीन ते सात दिवसांत डोकं वर काढतो. पीपीआर अंगात शिरल्यापासून दिसायला साधारण चार-सहा दिवस घेतो. म्हणजे आठ दिवस आधी आणलेला बोकड पडला तर नेमका ईदच्या तोंडावर पडणार. मग औषध द्यायचं तर वेगळीच अडचण: काही अँटिबायोटिक्सचा अंश मांसात कित्येक दिवस, अंगात लांब काळ काम करणाऱ्या इंजेक्शनांचा तर कित्येक आठवडे राहतो. म्हणून एक तर तीन-चार आठवडे आधी घ्या, म्हणजे आजार यायचा तो येऊन जाईल, किंवा दोन-तीन दिवस आधी घ्या. फ्लॅटमध्ये महिनाभर ठेवणं जमणार नाही, म्हणून तुमच्यासाठी मी तिसरी वाट सांगेन. महिनाभर आधी एखाद्या शेळीपालकाकडून थेट बोकड ठरवा, बयाणा द्या, खुराकाचे रोजचे पैसे ठरवा आणि ईदच्या आदल्या किंवा त्याआधीच्या दिवशी उचला. पीपीआरची लस कधी दिली तेही विचारून घ्या. मधल्या काळात बोकड मेला किंवा लंगडला तर नुकसान कुणाचं, हे कागदावर लिहून घ्या. लाजू नका, भांडणं याच ओळीवरून होतात. यवत, चाकण, लोणंदच्या बाजारात निवड भरपूर मिळते, पण बाजारातून घेतलेल्या बोकडाला मागे बांधून ठेवायला कुणी नसतं. शेवटच्या रात्री भाव पडेल म्हणून थांबणारेही असतात. कधी पडतो, कधी बाजारात बोकडच उरत नाही. पहिल्याच कुर्बानीला हा जुगार कशाला?

जंताचं औषध किंवा लस आणल्यावर घरी देऊ नका. लसीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि जंताच्या औषधाचाही अंश काही दिवस मांसात राहतो. डॉक्टरांना बोलवावं लागलंच तर पहिलं वाक्य "हा ईदचा आहे" असं सांगा, ते औषध त्या हिशोबाने निवडतील.

तरीही दोन-तीन दिवस तो तुमच्याकडे असणारच, तेव्हा बाल्कनीबद्दल. फरशी हा बोकडाचा शत्रू आहे. गुळगुळीत टाइल्सवर मूत सांडलं की मागचे पाय दोन दिशांना फाकतात, मांडीचा स्नायू ताणतो आणि सकाळी बोकड तीन पायांवर उभा असतो. म्हणजे ढळढळीत लंगडा. गोणपाटाच्या दोन-तीन घड्या किंवा रबरी चटई अंथरा आणि ओली झाली की बदला. दाव्याला सरकफास नको, न सरकणारी गाठ किंवा पट्टा हवा. दावं इतकंच लांब ठेवा की कठड्यावर पाय ठेवून उभा राहिला तरी पलीकडे जाता येणार नाही. बोकड कठड्यावरून उडी मारतो, आणि दाव्याला लटकतो. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२३ साली ती २९ जूनला होती, २०२४ ला १७ जूनला, २०२५ ला ७ जूनला. म्हणजे आता आपण भर उन्हाळ्यात शिरतोय. दुपारी सावली आणि वारा हवाच. पाणी दिवसाला चार-पाच लिटर, पसरट घमेल्यात, दिवसातून तीनदा ताजं.

खाण्याचं गणित सोपं आहे. ३३ किलोच्या बोकडाला दिवसाला कोरड्या हिशोबाने एक किलोच्या आसपास खाणं लागतं. म्हणजे दोन किलो हिरवा चारा (मका, शेवरी, सुबाभूळ), अर्धा किलो सुका (कडबा किंवा तुरीचं, हरभऱ्याचं भूस) आणि पाव किलो खुराक, दोन वेळांत वाटून. लसूण घास ओला-ओला भरपूर घालू नका, पोट फुगतं. आधीचा मालक काय घालत होता ते विचारून त्यातलंच दोन दिवसांचं सोबत आणलंत तर सगळ्यात उत्तम.

बहुतेक बोकड चाऱ्याने मरत नाहीत, मायेने मरतात. सोसायटीतली मुलं येतात. एक पोळी घालतं, दुसरं पाव, कुणी केळं, कुणी कालचा भात, कुणी मूठभर गहू. प्रत्येकाचं थोडंच असतं, पण बोकडाच्या पोटात ते एकत्र होतं. पिठूळ, धान्याचं खाणं पोटात झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं आणि चारा पचवणारे जंतू मरतात. मग डावी भकाळी, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधला एरवी खोलगट असणारा भाग, भरून वर येते. बोटाने वाजवली तर नगाऱ्यासारखी वाजते, किंवा दाबली तर कणकेत बोट रुतावं तशी रुतते. बोकड रवंथ सोडतो, दात खातो, कान पाडून कोपऱ्यात उभा राहतो. हे दिसलं की सगळं खाणं बंद करा आणि डॉक्टरांना फोन करा. ते येईपर्यंत २०-३० ग्रॅम खाण्याचा सोडा अर्धा लिटर पाण्यात विरघळवून तोंडाच्या कडेने सावकाश पाजा. पोट फुगून फेस येत असेल तर शंभर मिली गोडेतेल. पाजताना मान आकाशाकडे उचलू नका. तोंड जेमतेम डोळ्यांच्या रेषेत ठेवा, नाहीतर औषध फुप्फुसात जाऊन बोकड त्यानेच मरेल. आणि मुलांसाठी दारात शेवरीच्या जुड्या बांधून ठेवा, "हीच घालायची" असं सांगा. मुलं ऐकतात, मोठी माणसं ऐकत नाहीत.

जागेचं आधी बघा. बोकड ठरवल्यावर जागा शोधणारे नेहमी अडकतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम २८ ने धर्माला आवश्यक पद्धतीने जनावर कापणं गुन्ह्यातून वगळलंय खरं, पण म्हणून सोसायटीच्या जिन्यात किंवा पार्किंगमध्ये कापता येतं असा त्याचा अर्थ होत नाही. महापालिकेची परवानगी असलेली जागा लागते. ईदच्या आधी तात्पुरत्या जागा ठरतात, मुंबईत देवनारसारखा मोठा पालिकेचा कत्तलखाना आहे; तुमच्या भागात कुठे सोय आहे ते पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात आधीच विचारून घ्या. हे फारच अवघड वाटत असेल तर चिपळूणला गावीच पैसे पाठवून कुणाला वकील (आपल्या वतीने करणारा) करून कुर्बानी करवून घेणं पूर्ण ग्राह्य आहे. मोठ्या जनावरात सातवा हिस्सा घेण्याचा पर्यायही असतो; महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, वळू, बैल सगळ्यांवर बंदी आहे, तेव्हा हिस्सा म्हणजे म्हशीच्या जातीचाच, आणि तोही परवान्याच्या ठिकाणी.

खाटीक चंद्र दिसल्या दिवशीच ठरवा. रमजान ईदसारखं इथे आदल्या रात्रीपर्यंत ताटकळावं लागत नाही, जिलहज्जचा (बकरी ईदच्या महिन्याचा) चंद्र दिसला की ईदला दहा दिवस मिळतात. पहिल्या दिवशी सकाळी नमाजनंतर सगळा गाव एकदमच खाटकाच्या मागे लागतो आणि त्या गर्दीत हंगामी माणसं सुरी घेऊन फिरतात. त्यांच्या हातून कातडं फाटतं, पित्ताची पिशवी फुटते आणि कलेजी कडू होते. कुर्बानीला हनफींत १० ते १२ जिलहज्ज असे तीन दिवस आहेत, शाफईंत १३ च्या सूर्यास्तापर्यंत चार. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगला खाटीक निवांत मिळतो. पहिल्या दिवशी करणं जास्त पसंतीचं मानतात, हे खरं. पण नवख्या घराने दुसरा दिवस निवडला तर मी त्याला शहाणपणाच म्हणेन. २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली तेव्हा महाराष्ट्रात अनेक गावांनी आपणहून कुर्बानी दुसऱ्या दिवसावर नेली होती, ती याच सवलतीत.

आदल्या रात्रीपासून, म्हणजे बारा तास आधी, चारा बंद. पाणी मात्र सकाळपर्यंत सुरू. भरल्या पोटाचा बोकड कापताना चारा घशातून वर येतो आणि मांसावर सांडतो. पाणी तोडलं तर कातडं मांसाला चिकटून बसतं, सोलताना त्रास होतो. सुरी आठ-दहा इंचांची, धारेत एकही खाच नसलेली. धार बोकडासमोर लावायची नाही आणि एकासमोर दुसरा कापायचा नाही. आपल्याकडे किबला (नमाजाची दिशा) पश्चिमेला, म्हणून डाव्या कुशीवर, डोकं दक्षिणेला आणि पाय पश्चिमेला. "बिस्मिल्लाही अल्लाहु अकबर" म्हणून एकाच फेऱ्यात श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या पाहिजेत. मणक्यापर्यंत सुरी नेऊन मान वेगळी करायची घाई नको. ३३ किलोच्या बोकडाचं एक-सव्वा लिटर रक्त वाहून जाऊ द्या, हालचाल पूर्ण थांबू द्या, मगच सोला. घाईचा खाटीक पाय हलत असतानाच खुरापाशी चीर देतो. त्याला तुम्ही थांबवायचं, कारण कुर्बानी तुमची आहे.

सोलल्यावर पोटातले अवयव स्वतः बघा. कलेजी एकसारखी तांबूस, कडा धारदार. कापल्यावर नळ्यांतून पानासारखे चपटे जंत निघाले किंवा पांढरे टणक ठिपके दिसले तर ती टाका. फुप्फुसावर किंवा कलेजीवर पाण्याने भरलेले फोड असतील तर ते कुत्र्यांना मुळीच घालू नका, त्यातूनच तो जंत कुत्र्यात आणि मग माणसात येतो. पुरून टाका किंवा पालिकेच्या गाडीत द्या.

३३ किलोच्या बोकडातून हाडांसकट साधारण १५-१६ किलो मटण पडतं. मुंडी, पाये, वजडी, कलेजी वेगळी. "अर्धाच कसा भरला?" म्हणून खाटकावर संशय घेऊ नका. मजुरी रोख द्या. मांस किंवा कातडं मजुरीपोटी देता येत नाही. कातडं हनफींत विकलं तर पैसे गरजूला द्यावे लागतात, शाफई ते विकतच नाहीत, दान करतात. कुणी न्यायला येणार असेल तर मांसाच्या बाजूने अर्धा-पाऊण किलो जाडं मीठ चोळून ठेवा. उन्हाळ्यात बिनमिठाचं कातडं संध्याकाळपर्यंत केस सोडायला लागतं.

वाटणी तीन भागांत करतात: घरचा, नातलग-मित्रांचा, गरिबांचा. हा रिवाज पसंतीचा आहे, बंधन नाही; फक्त शाफईंत थोडं तरी कच्चं मांस गरिबाला द्यावंच लागतं. आणखी एक फरक लक्षात ठेवा. हनफींत एक बोकड एकाच माणसाचा, म्हणजे नवरा-बायको दोघांकडे निसाब (६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता) असेल तर दोन बोकड. शाफईंत कुर्बानी सुन्नत (पसंतीची, बंधनकारक नव्हे), आणि घरातल्या एकाने केली की घराला पुरते.

मांस ठेवण्याबाबत बहुतेक घरं एकच चूक करतात: कोमट मटण प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून थेट फ्रीजरमध्ये. ढिगाच्या मधली ऊब बाहेर पडत नाही आणि आतून मांस आंबूस होतं. शिवाय ताजं गोठवलेलं मटण नंतर कितीही शिजवा, चिवटच लागतं. म्हणून वाटणीचे दोन भाग आधी, लगेच दुपारच्या आत घराबाहेर पाठवा. उरलेले पाचेक किलो न धुता परातींत एका थरात पसरून तासभर पंख्याखाली निववा, मग झाकून फ्रीजच्या खालच्या भागात रात्रभर. दुसऱ्या दिवशी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करून फ्रीजरला. कलेजी-गुर्दा त्याच दिवशी संपवा. पंधरा किलो गरम मटण एकदम घरच्या फ्रीजमध्ये ठेवलंत तर आतलं दूधसुद्धा नासेल.

बोकड ठरवायला जाल तेव्हा दाताचा आणि बाजूने उभा असलेला असे दोन फोटो पाठवा, वडिलांनी काय सांगितलं तेही लिहा. त्यावरून वयाचा अंदाज सांगता येईल.